पर्यटकांकडून जमा होणारा पैसा गावाने कशावर खर्च करावा?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान ग्रामपंचायतीच्या हद्दीत आमचे गाव येते. मिरगाचा पाऊस धरला की गावापलीकडच्या धबधब्याकडे बेळगाव, कोल्हापूर, हुबळी आणि गोव्याहून माणसांचा लोंढा सुरू होतो आणि तो गणपतीपर्यंत काही ओसरत नाही. शनिवारी-रविवारी शाळेपासून देवळापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि त्यातून दूधवाल्याची मोटारसायकलसुद्धा निघत नाही. सोमवारी सकाळी पाणवठ्याच्या वाटेवरच्या फुटक्या बाटल्या वेचल्याशिवाय गुरे सोडता येत नाहीत. शेजाऱ्यांच्या म्हशीच्या खुरात काच शिरली होती, ती पुढे बरेच दिवस लंगडत होती.

येत्या ग्रामसभेत बाहेरून येणाऱ्या वाहनांकडून पैसे घेण्याचा विषय आहे. पैसे घ्यावेत यावर गावात जवळपास एकमत आहे. ते खर्च कशावर करावेत, यावर मात्र तीन तट पडले आहेत. काही जणांना स्वागत कमान, बसण्याचे कट्टे आणि गावाची जाहिरात हवी आहे, म्हणजे आणखी माणसे येतील आणि पोरांच्या हाताला काम मिळेल. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की जो पैसा पाहुण्यांमुळे आला तो आधी पाहुण्यांनी केलेल्या ओझ्यावर, म्हणजे कचरा, शौचालय, पिण्याचे पाणी आणि वाहनतळ यांवरच लागला पाहिजे. तिसरा गट म्हणतो, की त्रास गावाने सोसायचा असेल तर फायदाही गावाला मिळावा. हा पैसा पंचायतीच्या सर्वसाधारण निधीत जमा करून त्यातून गटारे बांधावीत आणि अंगणवाडीचे छप्पर शाकारावे.

माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. परंतु कायदा काय सांगतो आणि इतर ठिकाणी काय चालते, हे समजून घेतल्याशिवाय सभेत उभे राहून बोलणे मला बरे वाटत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे. एक विनंती: या धाग्यावर सीमाप्रश्नाची चर्चा नको. तो विषय मोठा आहे आणि त्याच्यासाठी वेगळे धागे आहेत.

शहापूरवासी

मी वकिली करतो, म्हणून आधी कायद्याची बाजू मांडतो. खर्चाचा प्रश्न वसुलीच्या प्रकारावर अवलंबून असतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी लागेल.

ग्रामसभेने ठराव केला म्हणून कर बसवता येत नाही. राज्यघटनेच्या 243-एच या अनुच्छेदाप्रमाणे पंचायतीला कर लावण्याचा अधिकार विधानमंडळाने कायदा करून द्यावा लागतो. नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्याबाबत हीच तरतूद 243-एक्स मध्ये आहे. लॉज आणि हॉटेलांच्या खोल्यांवर कर्नाटकात 1979 च्या कायद्यान्वये ऐषाराम कर होता, तोसुद्धा राज्य सरकारचा होता. 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील 62 वी नोंद बदलली आणि ऐषारामावर कर लावण्याचा राज्याचा अधिकार काढून घेतला. 1 जुलै 2017 पासून तो जीएसटीत विलीन झाला. त्या नोंदीत आता करमणूक कर तेवढा उरला आहे आणि तोही पंचायत, नगरपालिका, प्रादेशिक परिषद किंवा जिल्हा परिषद यांनी बसवून वसूल करण्यापुरताच. म्हणजे तुमच्या गावात एखादा रिसॉर्ट दररोज भरत असला, तरी त्याच्या खोलीभाड्यावरचा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात आणि पंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी आणि परवाना शुल्क तेवढे मिळते.

मग राहते काय? कर्नाटक ग्रामस्वराज्य व पंचायत राज अधिनियम, 1993 याचे कलम 199 वाचा. जत्रा-उत्सवांना येणाऱ्या माणसांकडून यात्रेकरू शुल्क घेण्याची मुभा त्यात आहे, पण पंचायतीने पाणीपुरवठा, आरोग्य आणि स्वच्छतेची आवश्यक व्यवस्था केलेली असली पाहिजे, ही अट त्याच वाक्यात घातलेली आहे. सोय आधी आणि पावती नंतर, हा क्रम कायद्यानेच ठरवून दिलेला आहे.

धबधबा म्हणजे जत्रा नव्हे, त्यामुळे तुमच्याकडे हे शुल्क सरळसरळ लागू होईल असे मला वाटत नाही. मात्र पंचायतीच्या मालकीच्या जागेत वाहनतळ करून त्याच्या वापराचे शुल्क घेणे हा तुलनेने भक्कम मार्ग आहे. शुल्क घ्यायचे तर त्याचा दिलेल्या सेवेशी संबंध असावा लागतो. कर आणि शुल्क यांतला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला होता आणि तो मठ आपल्याच राज्यातल्या उडुपीचा आहे. पुढच्या निकालांनी हा संबंध बराच सैल केला असला, तरी तो पूर्णपणे तोडलेला नाही. म्हणून वाहनतळाच्या पावतीवर अंगणवाडीचे छप्पर बांधणे अडचणीचे ठरू शकते. अंगणवाडी महत्त्वाची नाही असे मी म्हणत नाही. तिच्यासाठी दुसरे खाते आहे.

हिंडलगा

शहापूरवासी यांनी दिलेला कलम 199 चा संदर्भ प्रत्येक पंचायत सदस्याने वाचावा असा आहे. आभार.

निपाणीकर

आमच्या घरी पिढ्यानपिढ्या देवीच्या यात्रेला जाण्याची रीत आहे, म्हणून यात्रेकरूच्या बाजूने लिहिते. सौंदत्तीची यल्लम्मा असो, चिंचलीची मायाक्का असो, आपल्या भागातल्या आणि पलीकडच्या कोल्हापूर-सांगलीच्या लाखो माणसांची ही श्रद्धास्थाने आहेत. अशा यात्रांना जाणारी बाई कशी राहते, हे कर ठरवणाऱ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. एका मोठ्या यात्रेत (नाव मुद्दाम लिहीत नाही) गाडी उभी करायची पावती झाली, कापूर-भंडाऱ्याच्या दुकानांची पावती झाली, वाटेत आणखी एक पावती झाली. आणि अंघोळ झाल्यावर लुगडे बदलायला आडोसा म्हणून आम्ही चौघीजणींनी चार कोपऱ्यांना पातळ धरून उभे राहायचे. माझ्या सासूबाईंना साठी उलटल्यावरही हेच करावे लागले.

पावती फाडायला कोणाचाच विरोध नव्हता. घरचा स्वयंपाक बांधून नेणारी, बैलगाडीच्या काळापासून चालत आलेली आमची माणसे दहा-वीस रुपयांना कुरकुर करत नाहीत. त्या पैशाचे पुढे काय होते हे कोणी सांगत नाही, याचे दुःख आहे. म्हणून मलप्रभाकाठ यांच्या दुसऱ्या गटाला माझा ठाम पाठिंबा आहे, आणि त्यातही बायकांची न्हाणीघरे आणि शौचालये सगळ्यांत आधी. कमान त्यानंतर.

जोयड्याचा_गडी

माझा होमस्टे आहे, त्यामुळे माझे मत इथे फारसे आवडणार नाही याची कल्पना आहे, तरीही मांडतो.

काळी नदीच्या खोऱ्यात, दांडेली-जोयडा पट्ट्यात, पर्यटनाने अनेक कुटुंबांना घर सोडून गोव्याला जाण्यापासून वाचवले आहे. आम्ही घरपट्टी भरतो, परवान्याचे पैसे भरतो, मोठे हॉटेलवाले जीएसटीही भरतात. आता वर प्रत्येक पाहुण्यामागे पंचायतीचे शुल्क आले, तर पाहुणा शेजारच्या गावात जाईल. जे गाव नावारूपाला आले आहे त्याला जाहिरात नको असेल, परंतु ज्या गावात आत्ता कुठे एखाद-दुसरी पाटी लागते आहे त्याचे काय? खानापूर तालुक्यातले कणकुंबी, असोगा, हलशी घ्या. मलप्रभेचा उगम, नदीकाठचे रामलिंगाचे देऊळ, कदंबांच्या राजधानीतले भूवराह नरसिंहाचे मंदिर. एवढे वैभव असूनही बेळगावातल्या कित्येकांना तिथली वाट माहीत नाही. पर्यटनाचा पैसा पर्यटन वाढवण्यावर खर्च करणे यात गैर काय आहे? पीक घेतलेल्या शेतातच बियाण्याचा पैसा परत घालावा लागतो.

पोर्टलंडहून_बेळगावकर

जोयड्याचा_गडी यांचा मुद्दा मी राहतो त्या अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात कायद्याचाच भाग आहे, म्हणून तिथली पद्धत सविस्तर सांगतो.

इथे शहरे आणि परगणे हॉटेलच्या खोलीभाड्यावर स्वतःचा कर बसवू शकतात. 2003 मध्ये राज्याने कायदा करून असे ठरवले, की त्यानंतर नव्याने बसवलेल्या किंवा वाढवलेल्या स्थानिक करातील किमान 70 टक्के निव्वळ रक्कम पर्यटनाच्या प्रसारावर किंवा पर्यटनाशी संबंधित सुविधांवरच खर्च करावी. उरलेली, म्हणजे जास्तीत जास्त 30 टक्के, गावाच्या सर्वसाधारण सेवांवर वापरता येते. राज्याच्या हॉटेल व्यवसायाला हे प्रमाण अर्थातच मान्य होते. पण समुद्रकिनाऱ्यावरच्या लहान गावांची कुचंबणा होते. उन्हाळ्यात वस्तीच्या कितीतरी पट माणसे येतात, पोलीस, अग्निशमन दल आणि मैलापाणी यांवर ताण पडतो आणि तिजोरीतला मोठा हिस्सा मात्र आणखी माणसे बोलावण्यासाठी राखून ठेवलेला असतो. मग सार्वजनिक शौचालय किंवा रस्ता हा ‘पर्यटनाशी संबंधित सुविधा’ या व्याख्येत बसतो की नाही, यावर वाद चालत राहतात. हे प्रमाण बदलावे म्हणून तिथल्या नगरांनी विधिमंडळाकडे धाव घेतलेली आहे.

फ्लोरिडातही परगण्यांच्या पर्यटन विकास कराचे असेच आहे: कायद्यात नेमून दिलेल्या कामांखेरीज तो वापरता येत नाही, आणि त्या यादीत प्रसिद्धी, संमेलन केंद्रे, समुद्रकिनाऱ्याची देखभाल अशी कामे येतात. दुसऱ्या टोकाला स्पेनची बालेआरिक बेटे आहेत. तिथे 2016 पासून घेतल्या जाणाऱ्या करातून प्रामुख्याने निसर्गाचे, पाण्याचे आणि वारशाचे जतन करायचे असते.

यातून आपल्याला घेण्यासारखे एकच आहे: कराचे प्रमाण आणि खर्चाची यादी पहिल्या दिवशी जी लिहिली जाते, तिच्या बाहेर पुढे पडता येत नाही. त्यामुळे जाहिरातीसाठी ठरावीक टक्के राखून ठेवण्याची घाई खानापुरातल्या एखाद्या गावाने मुळीच करू नये.

निवृत्त_पीडीओ

पंचायत विकास अधिकारी म्हणून नोकरीची बरीच वर्षे या जिल्ह्यात काढली. वरची चर्चा चांगली आहे, पण मुख्य गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बांधायला पैसा मिळतो; चालवायला मिळत नाही. गावात शौचालय उभारण्यासाठी कुठल्या ना कुठल्या योजनेतून निधी येतो, आमदार निधी असतो, पर्यटन खात्याचे अंदाजपत्रक असते. सौंदत्तीचेच पाहा. केंद्राने 2024 मध्ये राज्यांना भांडवली कामांसाठी दिल्या जाणाऱ्या विशेष साहाय्यातून देशभरातल्या 40 पर्यटनस्थळांना सुमारे 3,295 कोटी रुपये मंजूर केले. त्यात यल्लम्मागुड्ड आहे आणि त्याचा वाटा 100 कोटींच्या घरात आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु हे 50 वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज आहे आणि ते भांडवली कामांसाठीच आहे. त्यातून इमारत उभी राहील, पण ती इमारत झाडणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघणार नाही. पाण्याच्या मोटारीचे वीजबिल, शोषखड्डा उपसणारी गाडी, फिनेल, फुटलेला नळ, रविवारी धबधब्यापाशी शिट्टी घेऊन उभे राहणारी दोन पोरे, या सगळ्याला ‘योजना’ नसते. म्हणूनच आपल्याकडे बांधलेल्या शौचालयांना वर्षभरात कुलूप लागते.

वित्त आयोगाचे अनुदान आहे ना, असे कोणी विचारेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता, 40 टक्के मोकळा होता. पण हे अनुदान मुळात लोकसंख्येवर बेतलेले असते, आणि रविवारी येणारी गर्दी जनगणनेत मोजली जात नाही. हजार वस्तीच्या गावाला हजार माणसांचेच पैसे मिळतात, कचरा मात्र पाच हजार माणसांचा उचलावा लागतो. ही तफावत भरून काढण्याची सोय आपल्या रचनेत कुठेही नाही. पाहुण्यांकडून घेतलेला पैसा याच फटीत घालायचा असतो.

म्हणून माझे म्हणणे असे: या पैशातून एक वीटही बांधू नये. पहिली दोन-तीन वर्षे तरी सगळी रक्कम चालू खर्चासाठी ठेवावी. कट्टे आणि कमानी यांना निधी देणारे पुष्कळ आहेत. सफाई करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर देणारे कोणी नाही.

हिशेबाबद्दलही लिहितो. वसुलीचा लिलाव करून ठेका देण्याची पद्धत सोपी वाटते, कारण पंचायतीला एकरकमी पैसे मिळतात आणि डोकेदुखी जाते. पण ठेकेदार बोलीची रक्कम वसूल होईपर्यंत दर गाडीला अडवतो, छापील दरापेक्षा जास्त मागतो, आणि शिव्या गावाला बसतात. त्याऐवजी महिला स्वसाहाय्य गटाला ठरावीक मोबदल्यावर वसुली द्यावी, पावतीपुस्तकांना अनुक्रमांक असावेत, रोजची रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत जमा व्हावी आणि पंचायतींच्या हिशेबाच्या ‘पंचतंत्र’ या संगणक प्रणालीत तिची वेगळी नोंद व्हावी. स्वतंत्र खाते नसेल तर हा पैसा कधी पथदिव्यांच्या थकबाकीत गेला हे कळतसुद्धा नाही. घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा 6 टक्के आणि भिक्षुक पुनर्वसनाचा 3 टक्के उपकर आपण गोळा करतो. तो दुसऱ्याचा पैसा असूनही कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे पुढे पाठवला जात नाही. नाव एका कामाचे आणि खर्च दुसऱ्या कामावर, हे किती सहज घडते ते मी जवळून पाहिले आहे.

निपाणीकर

निवृत्त_पीडीओ साहेब, तुमचा प्रतिसाद छापून प्रत्येक यात्रेच्या गावी लावावा असा आहे. कुलूपबंद शौचालयांची दुसरी बाजू आज कळली.

जोयड्याचा_गडी

पीडीओ साहेबांचा मुद्दा पटला; चालू खर्चाचे दुखणे आमच्याही गावात हेच आहे. परंतु ‘एक वीटही नको’ ही अट मला फार कडक वाटते. धोक्याच्या कड्यावर लोखंडी कठडा बसवायचा असेल आणि योजनेची वाट पाहत दोन पावसाळे जाणार असतील, तर तोपर्यंत किती जीव जाऊ द्यायचे?

गोकाककर

कठड्याच्या विषयावर माझेही थोडे. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटरवरून कोसळतो आणि घटप्रभेला पूर आलेला असतो तेव्हा तिथे उभे राहिले तर अंगावर काटा येतो. याच पाण्यावर 1887 च्या सुमारास गिरणीसाठी वीज तयार झाली, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण पुराच्या दिवसांत शेवाळलेल्या खडकावर उतरून फोटो काढणाऱ्यांना आवरायला कठडा पुरत नाही, कारण पोरे कठडा ओलांडतात. तिथे माणूसच उभा लागतो, तोही पोहणारा, दोरी आणि शिट्टी जवळ असलेला आणि ज्याला दिवसाची मजुरी नक्की मिळणार आहे असा. तेव्हा कठड्याला माझा विरोध नाही, परंतु रक्कम थोडी असेल तर मी आधी माणूस नेमेन.

रानवाट

एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष वेधतो. मलप्रभाकाठ यांच्या भागातले बरेचसे धबधबे महसुली जमिनीत नाहीत, वनजमिनीत आहेत. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये घोषित झाले. तिथे म्हादईचे उगमक्षेत्र आहे आणि बारापेडे गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांमुळे त्याला जगाच्या नकाशावर स्थान आहे. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 प्रमाणे वनखाते देते आणि त्याचे शुल्कही तेच घेते. पंचायतीला तिथे पावती फाडण्याचा अधिकार नाही. म्हणजे पाहुणा जंगलात पैसे भरतो वनखात्याकडे, आणि जेवणाची पत्रावळ टाकतो गावाच्या वेशीवर.

आंबोलीतही धबधब्यापाशी घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा विषय वन आणि गाव या दोहोंशी जोडलेला आहे. आपल्याकडे गावाने वनखात्याशी आधी बोलून घ्यावे, ग्राम वन समिती किंवा परिसर विकास समिती असेल तर तिला बरोबर घ्यावे, आणि एकाच गाडीला दोन नाक्यांवर दोन पावत्या होणार नाहीत असे पाहावे. खर्चाच्या बाबतीत माझी मागणी एवढीच, की जंगलाच्या कडेचा प्लास्टिक कचरा उचलून तालुक्याच्या ठिकाणी नेण्याचा वाहतूकखर्च यादीत पहिल्या तीनांत असावा. गावात खड्डा खणून जाळला तर तो धूर आणि ती राख पुन्हा मलप्रभेत आणि म्हादईतच जाते.

आणि कृपा करून जाहिरात नको. त्या जंगलाला आणखी माणसे सोसणार नाहीत.

अनगोळची_लेक

माझे माहेर कणकुंबीकडचे, सासर बेळगावात. प्रश्न साधा आहे. रविवारी मी मुलांना घेऊन आईकडे निघाले, तर नाक्यावर माझी पावती फाडणार का? लग्नाला, बारशाला, बाराव्याला येणारे पैपाहुणे कोण ठरवणार? गाडीवर गोव्याची पाटी असली म्हणजे माणूस पर्यटक असतोच असे नाही. आमच्या भागातली निम्मी पोरे गोव्यात कामाला आहेत.

शहापूरवासी

ताई, तुमचा प्रश्न साधा नाही, हाच कळीचा आहे. वाटेवर नाका उभारून येणाऱ्या प्रत्येकाला अडवणे कायद्यानेही टिकणार नाही आणि माणुसकीलाही धरून होणार नाही. म्हणूनच मी वाहनतळावर भर देतो. जो पंचायतीच्या तळावर गाडी लावेल त्याने शुल्क द्यावे. जो आईच्या अंगणात गाडी लावेल त्याचा पंचायतीशी संबंध नाही. माथेरानला नगरपरिषद दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर घेते, महाबळेश्वरलाही वेशीवर वसुली होते, परंतु त्या महाराष्ट्राच्या कायद्याखालच्या नगरपरिषदा आहेत आणि त्यांची उदाहरणे जशीच्या तशी आपल्या ग्रामपंचायतींना लावता येत नाहीत. गोव्यात कळंगुट पंचायतीने 2024 मध्ये पर्यटकांकडून प्रवेशाचे पैसे घेण्याचा ठराव केला, तेव्हाही अधिकाराचा हाच प्रश्न समोर आला होता.

किल्ला_परिसर

वारसास्थळांविषयी एक भर घालतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 मधली आहे आणि ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. अशा स्मारकावर महानगरपालिकेने मनात आणले तरी स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करता येत नाही. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. त्यामुळे ‘वारशासाठी राखीव निधी’ असे मोघम शीर्षक ठेवले तर तो निधी पडून राहील. बाहेरचा रस्ता, सावली, पाण्याचा नळ, वाट दाखवणारा प्रशिक्षित स्थानिक मुलगा अशी कामे नावानिशी लिहिली तर तो खर्ची पडेल.

हिंडलगा

धोक्याच्या पाट्यांसाठीही थोडी रक्कम ठेवा. बुडणाऱ्यांत कोल्हापूरचा मुलगा असतो तसा हुबळीचाही असतो. ‘पाणी खोल आहे’ हे कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत लिहिलेले असावे.

मलप्रभाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. प्रतिसाद वाचून ठरावाचा कच्चा मसुदा केला आहे. पंचायतीच्या गायरानालगतच्या मोकळ्या जागेत वाहनतळ. तिथे गाडी लावणाऱ्यांकडूनच शुल्क. आधी तात्पुरती शौचालये आणि पाण्याची टाकी, मग पावती. वसुली महिला गटाकडे. रक्कम स्वतंत्र खात्यात. खर्च सफाई कामगारांची मजुरी, मैला उपसणे, कचऱ्याची वाहतूक, रक्षक मुलांची मजुरी आणि पाट्या एवढ्यावरच. जोयड्याचा_गडी यांच्या म्हणण्याचा मान राखून, जीविताला धोका असलेल्या ठिकाणी कठडा किंवा दोर लावण्यापुरती बांधकामाला सूट ठेवली आहे. जाहिरात आणि कमान यांचा उल्लेख नाही.

एका गोष्टीवर मात्र घरातच पेच आहे. आमचे काका तिसऱ्या गटातले. ते म्हणतात, ज्यांच्या दारासमोर चार महिने गाड्या उभ्या राहतात त्यांना या पैशातून काहीच मिळणार नसेल, तर त्यांनी का सोसावे? त्यांचे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही.

निवृत्त_पीडीओ

काकांचे म्हणणे मुळीच टाकाऊ नाही. त्याचे उत्तर सर्वसाधारण निधीत मात्र नाही. त्या रस्त्यावरच्या घरांसमोरचे गटार गाड्यांच्या चाकांनी बुजत असेल, तर ते उपसणे हा पाहुण्यांनी केलेल्या ओझ्याचाच भाग आहे. तो खर्चाच्या यादीत नावानिशी घाला. रक्षक आणि सफाई या कामांसाठी पहिली निवड त्याच रस्त्यावरच्या घरांतल्या माणसांची करा. वाहनतळामुळे दारातल्या गाड्या हटतील, हाही त्यांचा फायदाच आहे. शिवाय गावात रिसॉर्ट असेल तर त्याची घरपट्टी प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे आकारली जाते की जुन्या कौलारू घराच्या नोंदीवर, हे एकदा तपासा. तो पैसा कर आहे, त्यावर सेवेचे बंधन नाही, आणि अंगणवाडीचे छप्पर त्यातून हक्काने शाकारता येईल.

शहापूरवासी

सहमत. मसुद्यात दोन वाक्ये वाढवा: दर सरकारने ठरवलेल्या मर्यादेत राहतील; आणि जमा-खर्चाचा तक्ता दर महिन्याला वाहनतळावरच फलकावर लावला जाईल. पैसे देणारा माणूस तुमच्या ग्रामसभेचा सदस्य नसतो, त्यामुळे त्याला जाब विचारण्याची दुसरी जागाच नाही.

बैलहोंगल

नमस्कार. मी मूळचा कन्नड भाषिक, शाळा बेळगावात मराठी मित्रांबरोबर झाली, म्हणून इथे वाचत असतो. ठराव तालुका पंचायतीकडे आणि पुढे जिल्हा पंचायतीकडे जाताना कन्नडमध्येच लागेल. मलप्रभाकाठ, मसुदा पक्का झाला की मला खासगी संदेशातून पाठवा. कायद्यातले नेमके कन्नड शब्द वापरून मी तो दोन दिवसांत करून देतो. मलप्रभा तुमच्याकडून पुढे आमच्याकडेच येते, त्यामुळे वरच्या अंगाचा कचरा थांबणे ही आमचीही गरज आहे.

मलप्रभाकाठ

पाठवतो. गटार उपसण्याचा आणि फलकाचा मुद्दा आजच मसुद्यात घालतो. काकांनाही हा धागा वाचून दाखवणार आहे. सभेत काय ठरले ते इथेच लिहीन.